एकट्याचा संच : कोल्हापूर जिल्ह्यातील फिरत्या एकपात्री कलावंतांच्या मागण्यांचे निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका

विषय : एकपात्री प्रयोगांसाठी नाट्यगृहाचे स्वतंत्र दर, छोटा रंगमंच, शाळांतील प्रयोगांचे मानधन आणि परवानगीची सोपी पद्धत याबाबत.

महोदय,

राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर उभे केले ते नाटक मंडळ्यांसाठी. मंडळी गावात यायची म्हणजे पडद्यांच्या गुंडाळ्या, कपड्यांच्या पेट्या, साजिंदे, आचारी असा सगळा लवाजमा यायचा. आज मंडळ्या गेल्या, पण भाड्याची दरपत्रके, परवानग्यांचे अर्ज आणि अनुदानाचे निकष अजून त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिले जातात. अर्जात ‘संस्थेचे नाव’, ‘कलाकारांची संख्या’, ‘व्यवस्थापक’ असे रकाने असतात. एकपात्री कलावंत तिन्ही ठिकाणी स्वतःचेच नाव लिहितो आणि खिडकीपलीकडचा कर्मचारी विचारतो, ‘बाकीचे कुठायत?’

बाकीचे कोणी नसतात, आणि मराठी रंगभूमीला याचे नवल वाटायचे कारण नाही. पु. ल. देशपांड्यांनी १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी केली. छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे १९७९ पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ करत राहिले. बावन्न पात्रे आणि रंगमंचावर माणूस एक. त्याची नोंद पुढे गिनीज बुकातही झाली. सुषमा देशपांडे यांनी १९८९ मध्ये ‘व्हय, मी सावित्रीबाई’ रंगमंचावर आणले आणि ते नाट्यगृहापुरते न ठेवता गावोगाव नेले. कोल्हापूरकरांना तर आणखी जवळचे नाव आहे : हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीचे शंकर पाटील. द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्यासोबत त्यांनी कथाकथनाचे फड महाराष्ट्रभर गाजवले. नेपथ्य नाही, रंगभूषा नाही, समोर माईक आणि मागे एखाद्या शाळेची भिंत. एका माणसाचे नाटक या जिल्ह्याला ऐकता येते, हे तेव्हाच ठरून गेले आहे.

आता या माणसाचा दिवस कसा असतो ते सांगणे भाग आहे, कारण मागण्या त्यातूनच निघतात. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, गारगोटी, राधानगरी, शाहूवाडी, शिवाय सीमेपलीकडे निपाणी, बेळगाव आणि कडोलीसारख्या गावांतली मराठी साहित्य संमेलने अशी याची फिरती. दुपारच्या एसटीने निघायचे, बॅगेत इस्त्रीचा झब्बा, उपरणे, औषधे आणि स्वतःचा कॉलर माईक, कारण मंडळाच्या माईकचा भरवसा नसतो. गणेशोत्सवात कार्यक्रम आठचा ठरलेला असतो. आठला आरती, साडेआठला देणगीदारांचे सत्कार, मग प्रमुख पाहुण्यांचे मनोगत. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचे असतात, म्हणून दोन तासांचे नाटक चाळीस मिनिटांत आटपायचे. दहा पात्रांच्या नाटकात असे झाले तर एखादा प्रवेश गाळता येतो. एकपात्रीत काय गाळायचे ते बोलता बोलताच ठरवावे लागते, आणि समोरच्याला शंकाही येता कामा नये. प्रयोग संपला की शाल-श्रीफळ मिळते, पाकीट ‘नंतर पाठवतो’ म्हणून राहते आणि शेवटची एसटी केव्हाच गेलेली असते.

त्याला आजारी पडण्याचीही सोय नाही. घसा बसला, ताप आला तरी बदली नट नसतो. प्रयोग रद्द म्हणजे मानधन गेले, छापलेल्या फलकांचा खर्च अंगावर आला आणि पुढच्या वर्षीची सुपारीही हुकली. बाई एकटी दौऱ्यावर असेल तर मुक्कामाचा प्रश्न सगळ्यांत आधी येतो. कपडे बदलायला मुख्याध्यापकांची खोली आणि दाराला कडी नाही, ही तक्रार या निवेदनावर सह्या करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक स्त्री कलावंताने केली आहे.

शहरात प्रश्न वेगळा. नाट्यगृहाचे भाडे सत्रावर ठरते, रंगमंचावर किती माणसे आहेत यावर नाही. समजा एकपात्री प्रयोगाला दीडशे प्रेक्षक आले आणि तिकीट दीडशे रुपये ठेवले, तर गल्ला साडेबावीस हजारांचा. त्यातून भाडे, वीज, ध्वनी-प्रकाशाचा माणूस, जाहिरात आणि प्रवास वजा केला की हातात काय उरते, हे हिशेब विभागाला समजावून सांगायची गरज नाही. म्हणून महापालिकेच्या नाट्यगृहांत एकपात्री प्रयोगासाठी निम्मा दर असावा, आणि त्या बदल्यात बाल्कनी बंद ठेवून फक्त पुढच्या रांगांची तिकिटे विकण्याची अट कलावंतांना मान्य आहे. शनिवार-रविवारच्या तारखा मोठ्या नाटकांना द्याव्यात, त्याबद्दल तक्रार नाही. आठवड्यातल्या रिकाम्या सत्रांपैकी काही मात्र एकपात्रीसाठी राखून ठेवावीत. कुलूप लावून ठेवलेल्या सभागृहापेक्षा निम्म्या भाड्याचे सभागृह पालिकेलाही परवडते.

खरी निकड छोट्या रंगमंचाची आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला, म्हणजे जुन्या पॅलेस थिएटरला, आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडणाऱ्यांत केवळ मोठ्या नाटकांचे लोक नव्हते. वास्तूचे मूळ रूप जपले जावे याबद्दल दुमत नाही, आणि मुख्य सभागृहाला हात लावण्याची मागणी कोणी करत नाही. मात्र नाट्यगृहाच्या परिसरात किंवा पालिकेच्या एखाद्या पडून असलेल्या इमारतीत दीडशे ते दोनशे खुर्च्यांचे, काळ्या पडद्याचे, साध्या प्रकाशयोजनेचे एक दालन हवे. शाहू स्मारक भवन भाषणांना आणि प्रदर्शनांना चांगले आहे. तिथे नाटक होते, पण ते नाटकासाठी बांधलेले नाही. एकपात्रीत नटाच्या भुवईची हालचाल शेवटच्या रांगेला दिसली पाहिजे. मोठ्या सभागृहात ती दिसत नाही आणि लग्नाच्या हॉलमध्ये ती कोणी पाहत नाही.

जिल्हाधिकारी कार्यालयाकडे असलेला विषय परवानग्यांचा. सार्वजनिक प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, ते कलावंत घेतात. त्यानंतर मात्र प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक ठाण्यात तीच झेरॉक्स, तोच अर्ज, तीच फेरी. मोठ्या संस्थेचा व्यवस्थापक हे करतो. एकपात्री कलावंताचा त्यात तालमीचा दिवस जातो. प्रमाणपत्र असलेल्या प्रयोगाची वर्षातून एकदा जिल्हा पातळीवर नोंद व्हावी आणि त्यानंतर स्थानिक ठाण्याला केवळ तारीख व जागा कळवणे पुरेसे मानावे. त्याच आदेशात मंडळांना एक सूचनाही जावी : ध्वनिक्षेपकाच्या वेळेची मर्यादा लक्षात घेऊन सत्कार प्रयोगानंतर ठेवावेत. ही मागणी वाचून कोणी हसेल. हसावे, पण सूचना काढावी.

शाळांतील प्रयोग हा या कलावंतांचा निम्मा संसार आहे. सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांच्यावरचे एकपात्री प्रयोग जयंती-पुण्यतिथीला हमखास मागवले जातात. पत्र्याच्या शेडमध्ये, कधी पाचवी ते दहावीचे वर्ग एकत्र बसवून ते होतात. मुले मनापासून ऐकतात, शिक्षकांचे सहकार्य असते. मानधनाचे नाव निघाले की ‘तरतूद नाही’ हे उत्तर मिळते. समाजकार्य म्हणून फुकट करा, हा आग्रह तबला शिकवणाऱ्याला किंवा मांडववाल्याला कोणी करत नाही. जिल्हा नियोजनातून अथवा जिल्हा परिषदेच्या निधीतून शाळेतील प्रयोगासाठी किमान मानधन आणि प्रवासखर्च ठरवून द्यावा.

शेवटचा मुद्दा उतारवयाचा. राज्याच्या ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेला राजर्षी शाहू महाराजांचेच नाव आहे. वयाच्या पन्नाशीनंतर महिन्याला पाच हजार रुपये मिळतात. अडचण कलासेवेच्या पुराव्याची. कंपनीतल्या नटाला कंपनी पत्र देते. जो स्वतःच कंपनी होता त्याने ते कोणाकडे मागावे? जिल्ह्यातील निवड समितीने जुन्या निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्रांतील कात्रणे, शाळा, वाचनालये व गणेश मंडळांची पत्रे पुरावा म्हणून ग्राह्य धरावीत. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या १८५० पासूनच्या संस्था या जिल्ह्यात आहेत; अशा वाचनालयांच्या कार्यक्रमवह्यांत शोध घेतला तर अनेकांची कारकीर्द हाती लागेल.

नाट्यगृहांच्या भाड्याचे सुधारित दरपत्रक मंजूर होण्यापूर्वी महापालिकेचा मालमत्ता विभाग, पोलीस, जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग आणि एकपात्री कलावंत यांची एकत्रित बैठक आपल्या अध्यक्षतेखाली घ्यावी, ही विनंती. बैठक सोमवार ते गुरुवार यांपैकी एखाद्या दिवशी सकाळी ठेवल्यास दौऱ्यावरच्या कलावंतांना पोचणे जमेल.

आपले नम्र,
कोल्हापूर जिल्ह्यातील एकपात्री कलावंत व नाट्यरसिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)