कळंबचा माणूस कोणाच्या खात्यात?

परवा भाच्याचा फोन आला होता. तो नेदरलँड्समध्ये उट्रेख्टला असतो. बोलता बोलता म्हणाला, "मामा, आमचा भाग सगळ्या युरोपात पहिला आलाय, माहितीय का?"

जन्मभर निकालपत्रकं लिहिलेल्या माणसाला पहिल्या नंबरचं कौतुक असतंच. विचारलं, "कशात रे?" तर म्हणे, स्पर्धाक्षमतेत! म्हणजे एखाद्या प्रदेशात उद्योगधंद्याला आणि राहणाऱ्या माणसाला किती अनुकूल परिस्थिती आहे, त्याचं मोजमाप. युरोपीय आयोग २०१० पासून साधारण दर तीन वर्षांनी असा निर्देशांक काढतो. २०२२ च्या यादीत २३४ प्रदेश होते आणि उट्रेख्ट त्यात पहिला.

मी मराठी माध्यमाचा बी.ए. अर्थशास्त्र आपला प्रांत नव्हे. पण नातीने माहिती काढून दिली आणि वाचताना एका गोष्टीने डोक्यात भुंगा सोडला.

ते लोक ॲमस्टरडॅमसारखं मोठं शहर एकटं मोजत नाहीत. जिथून माणसं रोज कामाला येतात तो आजूबाजूचा मुलूखही त्यात धरतात. कारण साधं आहे, पाचवीचं गणित म्हणा. दरडोई उत्पन्न काढताना वर शहरातली सगळी कमाई आणि खाली फक्त शहरात राहणारी डोकी घेतली, तर उत्तर फुगतं. कमावणारा बाहेरून येतो, त्याची कमाई वर धरली जाते, पण तो स्वतः खाली मोजलाच जात नाही. दुसरं म्हणजे, त्यांच्या ११ कसोट्यांत आरोग्य आणि शालेय शिक्षण पायाभूत गटात आहेत. पाया कच्चा तर इमारत कच्ची, हे त्यांनी मान्य केलंय.

आता आपल्याकडे या. मुंबई महानगर प्रदेशात ९ महानगरपालिका येतात. नीती आयोगाने २०२४ मध्ये त्याचा आर्थिक आराखडा मांडला: १४० अब्ज डॉलरची अर्थव्यवस्था २०३० पर्यंत ३०० अब्जांवर न्यायची. चांगलंच आहे, मुंबई वाढली तर राज्य वाढेल. आणि आम्ही? जानेवारी २०१८ मध्ये केंद्राचा आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे निवडले गेले: गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि आपला तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. आमच्यासाठी ४९ निर्देशक. म्हणजे मुंबईची मोजायची श्रीमंती आणि आमचं मोजायचं मागासलेपण, तेही दोन वेगळ्या कागदांवर. त्या दोन कागदांना जोडणारा माणूस मात्र कुठल्याच कागदावर नाही.

तो माणूस मला रोज दिसतो. संध्याकाळी कळंबच्या स्टँडवर जाऊन उभे राहा. पुण्या-मुंबईकडे निघालेली पोरं बॅगा घेऊन बसलेली असतात. त्यातली कितीतरी माझ्या हाताखालून गेलेली. त्यांना आईबापांनी वाढवलं, इथल्या दवाखान्यात लस टोचली, इथल्या शाळेत बाराखडी शिकवली. खर्च सगळा इथला. कमवायचं वय झालं की हिशेब पुण्या-मुंबईच्या वहीत.

कोणी म्हणेल, ती पोरं घरी पैसे पाठवतात की! पाठवतात. गल्लीतल्या पत्र्यांच्या जागी स्लॅब पडले ते त्याच पैशांतून, हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. पण त्या पैशातून घर बांधलं जातं, शाळेची खोली बांधली जात नाही. ती सरकारनेच बांधायची असते.

मोजमाप म्हणजे नुसता आकड्यांचा खेळ नव्हे. १९८४ मध्ये वि. म. दांडेकरांच्या समितीने जिल्ह्यांची राज्याच्या सरासरीशी तुलना करून अनुशेष काढला आणि तेव्हापासून मराठवाड्याच्या मागणीला आकड्याचा आधार मिळाला. जे मोजलं जातं तेच मागता येतं.

शाळेत असताना मी हे अनुभवलंय. तपासणीला साहेब आले की पट विचारत. पट भरलेला असे. पण दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांची पोरं वर्गात नसत. पट आणि हजेरी यातल्या फरकातच खरी गोष्ट होती, आणि तोच रकाना कोणी बघत नसे.

म्हणून माझं साधं मागणं आहे. पुण्या-मुंबईची स्पर्धाक्षमता मोजताना एक रकाना वाढवा: इथे काम करणाराची शाळा कुठली? रोज लोकलने येणारा धरा, तसा वर्षातून दोनदा गावी जाणाराही धरा. त्या रकान्यात कळंब, वाशी, भूम, परंडा अशी नावं दिसू लागली, तर इथल्या शाळेवर केलेला खर्च उपकार वाटणार नाही. महानगराच्या पायाचीच ती डागडुजी ठरेल.

भाचेबुवा हे वाचतीलच. बाबा रे, तुझी बाराखडीही कळंबचीच. तुमच्या उट्रेख्टच्या पहिल्या नंबरात चिमूटभर वाटा आमचाही आहे. तिथल्या तक्त्यात तो यायचा नाही, तू तेवढा लक्षात ठेव.