शेळीच्या कानाचं काय करायचं?

उंदराच्या तोंडावरून त्याचं दुखणं मोजता येतं, हे २०१० साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या गटाने दाखवलं. डोळे किती मिटलेत, नाक-गाल किती फुगलेत, कान आणि मिशा कुठे वळल्यात. पाच गोष्टी, प्रत्येकीला ० ते २ गुण. त्याआधी वेदनाशामकाच्या चाचणीत बहुतेक वेळा पंजाला टोचायचं किंवा चटका द्यायचा आणि पाय कधी झटकतो ते बघायचं. पण माणूस गोळी घेतो ती कोणी टोचलं म्हणून नाही, बसल्या जागी ठणकतं म्हणून! त्यामुळे मला चेहऱ्याचं माप जास्त पटतं.

मेख यातही आहेच. २०१४ साली याच गटाला दिसलं की पुरुष संशोधक जवळ असला की उंदीर दुखणं कमी दाखवतात. नुसता त्याने घातलेला टी-शर्ट ठेवला तरी तेच. आमच्या धंद्यात याला हायझेनबग म्हणतात: शोधायला गेलं की गायब होणारा बग.

आता आपल्या उस्मानाबादीकडे या. (जिल्हा २०२३ मध्ये धाराशिव झाला, शेळी अजून उस्मानाबादीच आहे.) बोकड खच्ची करताना त्याला भूल देण्याची पद्धत गावाकडे जवळजवळ नाहीच. 'मुकं जनावर, थोडं ओरडतं नि गप्प होतं.' गप्प झालं म्हणजे दुखायचं थांबलं, हे कोणी ठरवलं? १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यानेही विहित पद्धतीच्या खच्चीकरणाला सूट दिलेली आहे.

फ्लोरिडात २०२४ साली ४० शेळ्यांच्या व्हिडिओंवर वेदना ओळखणारं मॉडेल तयार झालं. ते उचलून इथे ॲप काढायचा मोह आपल्यापैकी कोणाला तरी होणारच. माझा त्याला विरोध आहे. उस्मानाबादी बहुतेक काळीभोर, गोठ्यात उजेड बेताचा, आणि कान जन्मापासूनच लोंबते. मेंढीच्या मापात कान खाली-मागे वळणं ही दुखण्याची खूण धरतात. कान ताठ असणाऱ्या जातींवर शिकलेलं मॉडेल धडधाकट उस्मानाबादीलाही आजारी ठरवेल. चार खोट्या इशाऱ्यांनंतर मालक ॲप उडवून टाकेल आणि खरं दुखणारं बोकड तसंच राहील.

त्यापेक्षा नोंदी इथल्याच घ्या. डेटासाठी मुद्दाम दुखवायची गरज नाही, खच्चीकरण तसंही होतंच. डॉक्टरांकडून मेलॉक्सिकॅम द्या (गिधाडांपायी २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद झालं, तेव्हा हेच पर्याय म्हणून पुढे आलं). आधीचा, नंतरचा आणि औषध लागू पडल्यावरचा, असे तीन व्हिडिओ घ्या. फक्त मोबाईल खुंटीला बांधा आणि स्वतः गोठ्याबाहेर थांबा. टी-शर्टसकट.