जुन्या औषधाची नवी कसोटी

वातरक्तावर, म्हणजे गाऊटवर, दिले जाणारे कोल्चिसिन सोरायसिसवर चालेल काय, हा प्रश्न नवा नव्हे. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २२ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना चांगला गुण आला. त्यामागे तर्कही आहे. सोरायसिसमध्ये पांढऱ्या रक्तपेशी त्वचेत गोळा होतात. कोल्चिसिन त्यांच्या संचाराला लगाम घालते. परंतु हा विकार औषधाविनाही कमीजास्त होतो. तेव्हा बावीस जणांचा अनुभव ही आशा होय, पुरावा नव्हे.

आपल्या कुंपणांवर पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही हेच द्रव्य असते आणि तो खाऊन माणसे दगावली आहेत. औषध आणि विष यांच्या मात्रांत अंतर इतके थोडे असताना ऐकीव माहितीवर प्रयोग करणे जिवावर बेतेल.

हृदयविकारासाठी याच औषधाची हजारो रुग्णांवर परीक्षा झाली, तीत सार्वजनिक निधीही खर्ची पडला आणि २०२३ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. स्वस्त औषधाच्या चाचणीत कंपन्यांना नफा दिसत नाही. म्हणून सोरायसिससाठीही तशीच मोठी, तुलनात्मक चाचणी सरकारी संशोधन संस्थांनीच हाती घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. निष्कर्ष प्रतिकूल निघाला तरी रुग्णांची फसव्या आशेतून सुटका होईल.