जुनी हार्डडिस्क भंगारात देऊ नका!

होस्टेलवर कुणाचा कॉम्प्युटर रखडला की सल्ले ठरलेले असतात. ‘फॉरमॅट मार’, ‘व्हायरस असेल’, ‘प्रोसेसर जुना झालाय, टाकून दे’. टास्क मॅनेजर उघडून बघायची तसदी मात्र कुणी घेत नाही. बघितलं तर बऱ्याचदा प्रोसेसर पाच-दहा टक्क्यांवर निवांत आणि डिस्क शंभर टक्क्यांवर घामाघूम!

हिशोब साधा आहे. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एक फेरा मारायला ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद, आणि हेड योग्य ट्रॅकवर न्यायला साधारण ९. एकूण १३. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची जवळजवळ चार कोटी सायकल्स होऊन जातात! इकडचे-तिकडचे ४ केबीचे तुकडे वाचले तर सेकंदाला जेमतेम ३०० केबी मिळतात. तीच डिस्क सलग वाचली तर १०० एमबीच्या घरात जाते. डिस्क तीच, फरक फक्त क्रमाचा.

हा क्रम लावायचं काम ऑपरेटिंग सिस्टिमचं. केडगावातून पुणे रोडने माल पोचवणारा टेम्पो घ्या. सुपा, चास, कामरगाव अशा क्रमाने ऑर्डरी आल्या, तर ड्रायव्हर आधी सुप्याला जाऊन परत चासला येईल का? तो वाटेतली गावं ओळीने लावतो. ‘एलिव्हेटर’ शेड्युलिंग म्हणजे हेच. पण जवळच्या चासहूनच ऑर्डरी येत राहिल्या तर सुपेकरांनी काय करायचं? म्हणून लिनक्सच्या डेडलाइन शेड्युलरमध्ये प्रत्येक मागणीला मुदत असते. वाचायला अर्धा सेकंद, लिहायला ५ सेकंद. भेदभाव का? लिहायचा डेटा मेमरीत थांबू शकतो. वाचायचा डेटा येईपर्यंत प्रोग्रॅमच अडकून पडतो.

यातली मला सगळ्यात आवडलेली कल्पना २००१ साली राइस विद्यापीठातल्या अय्यर आणि ड्रुशेल यांनी मांडली. प्रोग्रॅम एक तुकडा वाचतो, क्षणभर विचार करतो, मग शेजारचाच तुकडा मागतो. त्या क्षणभरात हेड दुसरीकडे पळालं तर परत यावं लागतं. त्यापेक्षा काही मिलिसेकंद गप्प थांबलेलं बरं! लिनक्स २.६ मध्ये हा ‘अँटिसिपेटरी’ शेड्युलर आला. २०१० मध्ये तो काढला, कारण थांबायची ही युक्ती तोवर सीएफक्यू शेड्युलरनेही उचलली होती. याशिवाय सलग वाचन दिसलं की सिस्टिम पुढचा भाग न मागताच आणून ठेवते, आणि वाचलेलं मोकळ्या रॅममध्ये राखून ठेवते. म्हणूनच तोच प्रोग्रॅम दुसऱ्यांदा पटकन उघडतो.

आता मुद्द्याचं. आपण यातलं काय शिकतो? ‘हेड ५३ व्या सिलिंडरवर आहे, स्कॅन आणि सी-स्कॅनने एकूण हालचाल काढा.’ पी.एल.मध्ये घोकायचं, पेपरात आकृती काढायची, मार्क घ्यायचे, विसरायचं. आणि तिकडे नवी मशिन्स आली की खडखडणारी जुनी मशिन्स भंगारात काढायची घाई!

‘एसएसडीच्या जमान्यात हे कशाला?’ असं कुणी म्हणेल. खरंय, एसएसडीला हेडच नाही. एनव्हीएमईवर तर लिनक्स सहसा शेड्युलर लावतच नाही. पण डेटा सेंटरांमध्ये हार्डडिस्क अजून फिरतायत. शिवाय वेगवान एसएसडीवर चूक दिसतच नाही, सगळंच चालून जातं. हळू डिस्कवर वाईट प्रोग्रॅम लगेच उघडा पडतो. आणि आपल्यातल्या कित्येकांच्या घरी आजही जुनाच पीसी आहे. त्यांना ‘नवीन घे’ हा सल्ला काय कामाचा?

म्हणून सरांना आणि मॅडमना विनंती, चार-पाच जुनी मशिन्स लॅबमध्ये राहू द्या. तीन प्रॅक्टिकल्स पुरेत. एकच फाइल दोनदा वाचून वेळ मोजायची. तोच डेटा सलग आणि उलटसुलट वाचून बघायचा. मोठी फाइल कॉपी होत असताना शेड्युलर बदलून दुसरा प्रोग्रॅम उघडायचा. खर्च शून्य! पण ओरलला मग पोरं पाठ केलेलं नाही, स्वतः मोजलेलं सांगतील.

बघा, पटतंय का!