टांकसाळीची शेजारीण

‘मनी’ हा इंग्रजी शब्द जूनो मोनेटा या रोमन देवीच्या नावावरून आला, हे सांगताना तिला सर्रास ‘धनदेवता’ ठरवले जाते. आम्हांस हे पटत नाही. जूनो ही विवाहाची, स्त्रियांची देवता. रोममधील कॅपिटोलाइन टेकडीवर मोनेटा या नावाने तिचे मंदिर इ.स.पू. ३४४ मध्ये उभे राहिले. पुढे त्याच्या लगत टांकसाळ आली आणि देवीचे नाव आधी टांकसाळीला, मग नाण्याला चिकटले. संबंध काय तो शेजाराचा! जुन्या फ्रेंचमधून आलेला ‘मनी’ आणि त्याहून जुना ‘मिंट’, दोन्ही त्यातलेच.

सिसरोने ‘मोनेटा’चे नाते ‘इशारा देणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशी जोडले आहे. (आपल्या वर्गातला ‘मॉनिटर’ त्याच क्रियापदाचा.) लिव्हिअस आन्द्रोनिकसने तर ‘ओडिसी’ लॅटिनमध्ये आणताना स्मृतिदेवता निमोसिनी, म्हणजे काव्यदेवतांची आई, हिच्यासाठी हेच नाव योजले. कीट्सच्या ‘द फॉल ऑफ हायपेरिअन’मध्ये कवी आणि निव्वळ स्वप्नाळू यांतला भेद ऐकवणारी मोनेटा ती हीच. तळटीपेत ‘पैशाची देवी’ एवढेच छापले, तर कीट्सने हे नाव का निवडले, हे विद्यार्थ्याला कसे कळावे?