वाऱ्याच्या खात्यावर आणखी किती झाडे टाकणार?

माननीय आयुक्त तथा अध्यक्ष, वृक्ष प्राधिकरण,
बृहन्मुंबई महानगरपालिका, यांस

झाड कोसळले की कारण आयते तयार असते: वादळी वारा. वारा खुलासा देत नाही, कोर्टात जात नाही, त्याच्यावर कारणे दाखवा नोटीसही बजावता येत नाही. इतका सोयीचा आरोपी हाताशी असताना तपास कशाला करायचा? पण १७ मे २०२१ चे तौक्ते चक्रीवादळ आठवून पाहा. ते मुंबईवर धडकलेच नव्हते. समुद्रातूनच ते गुजरातकडे सरकले आणि जाता जाता कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा आणि सांताक्रूझला २४ तासांत २३० मिलिमीटर पाऊस देऊन गेले. त्याआधी ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले, तेव्हाही शहर थोडक्यात वाचले. दोन्ही वादळे नुसती चाटून गेली आणि दोन्ही वेळा रस्तोरस्ती झाडे आडवी झाली. एखादे सरळ अंगावर आले तर काय, हा प्रश्न आपल्याला पडलेला दिसत नाही, म्हणून आम्ही विचारतो आहोत.

आमची तक्रार एकच आहे, छाटणीची. पावसाळ्याआधी किती झाडे छाटली याचा आकडा पालिका दरवर्षी जाहीर करते. आकडा हजारांत असतो, त्याबद्दल अभिनंदन. काप कुठे मारला, कोणी मारला, झाडाचा किती पाला गेला, हे मात्र त्या आकड्यातून कळत नाही आणि झाडाचे जगणे-मरणे तेवढ्यावरच ठरते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. म्हणजे ताशी ५० किलोमीटरचा वारा १०० वर गेला, तर झाडावर ढोबळमानाने चौपट जोर येतो. तोच जोर ६ मीटरऐवजी १२ मीटर उंचीवर बसला, तर बुंध्यावरचा ताण आणखी दुप्पट. आता रस्त्यावरची छाटणी पाहा. खालच्या फांद्या जातात, कारण बसला, तारांना आणि दुकानांच्या पाट्यांना त्याच आडव्या येतात आणि शिडीवरून हाताला त्याच लागतात. इमारतीच्या अंगाच्याही जातात. उरते उघडे खोड आणि टोकाला एका बाजूला कललेली छत्री. अमेरिकेतल्या रुळलेल्या नियमानुसार एका हंगामात २५ टक्क्यांपेक्षा जास्त पाला काढू नये. आपल्याकडे छाटणीनंतर २५ टक्के उरला तरी झाडाने आभार मानावेत, अशी स्थिती ठिकठिकाणी दिसते.

काप जवळून पाहू. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची फुगीर कडा असते आणि जखम बंदिस्त करण्याची झाडाची ताकद तिथेच असते. जाणकार माणूस आधी खोडापासून हातभर अंतरावर, फांदीच्या खालून अर्धवट काप घेतो. मग थोडे पुढे वरून करवत चालवतो, म्हणजे फांदी स्वतःच्या वजनाने फाटून खोडाची साल सोलत नेत नाही. उरलेला खुंट तो तिसऱ्या कापाने, त्या कडेला धक्का न लावता उतरवतो. घाईत मारलेला एकच काप एकतर लांबलचक खुंट सोडतो, नाहीतर ती कडाच तासून टाकतो. आपली जखम भरून येते, झाडाची येत नाही. झाड तिला बाकीच्या लाकडापासून तोडून बंदिस्त करते. अमेरिकी वृक्षतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे चिरून हे दाखवून दिले आहे. बंदिस्त करणे जमले नाही की पाणी मुरते, बुरशी शिरते, ढोली पडते. आज चुकलेल्या कापाचे झाड कदाचित दहा वर्षांनी पडेल. तोवर कंत्राट संपलेले असेल, अधिकारी बदललेले असतील. हजर असेल तो फक्त वारा.

यावर उत्तर येईल की झाडेच विदेशी आहेत: गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री दक्षिण अमेरिकेकडचा. पण देशी असो वा विदेशी, बहुतेक झाडांची बरीचशी मुळे वरच्या मीटरभर मातीतच असतात आणि नेमक्या त्याच मीटरभरात आपली गटारे, केबल आणि काँक्रीट येते. झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, असे राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीला २०१३ मध्येच बजावले. झाडांभोवतीचे काँक्रीट फोडण्याची मोहीम पालिकेनेही काढली होती, हे मान्य. मग सुमारे ७०० किलोमीटर रस्त्यांचे काँक्रिटीकरणही काढले. ऑक्टोबर १९८७ च्या वादळात लंडनच्या क्यू उद्यानातली सुमारे ७०० झाडे गेली, पण टर्नर्स ओक हा मलूल पडलेला जुना वृक्ष मुळांसकट उचलला जाऊन परत जागेवर बसला आणि पुढे तरारला. लाखो पावलांनी घट्ट केलेली माती वादळाने मोकळी केली होती. मुळे गुदमरलेल्या किंवा कापल्या गेलेल्या झाडाचा भार कुठून आणि किती हलका करायचा, हे हातात करवत असलेल्याला कळायला हवे. नुसता कोयता चालवता येणे पुरेसे नाही.

१९८७ च्या त्या वादळात इंग्लंडमध्ये दीड कोटी झाडे पडली, त्यांत धडधाकटही होती. म्हणजे उत्तम निगा राखूनही काही झाडे पडणारच. पण पडलेले झाड मुळातून उपटले, ढोलीत मोडले की जुन्या कापावर फाटले, हे कोणी पाहिलेच नाही, तर 'काही' म्हणजे किती हे कळणार कसे? दुसरी सबब मनुष्यबळाची. २०१८ च्या गणनेनुसार शहरात सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे आहेत. एवढ्या झाडांसाठी ट्री सर्जन, म्हणजे छाटणीतले प्रशिक्षित जाणकार, आणायचे कुठून? सगळ्या झाडांना दरवर्षी करवत लावायला सांगितले कोणी? कमी झाडे छाटा, नीट छाटा. आज जे दोर लावून चढतात, पडलो तर काय याची हमी नसताना चढतात, त्यांनाच शिकवा, परवाना द्या, विमा आणि कुशल कामगाराचा मोबदला द्या. प्रशिक्षित माणसाशिवाय निविदा मंजूर करू नका आणि कोसळलेल्या प्रत्येक झाडाचा तपासणी अहवाल जाहीर करा.

शेवटी आपल्याच कायद्याची आठवण. १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमाच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेसुद्धा 'तोडणे'च आहे. तेव्हा पुढच्या मे महिन्यात जो आकडा जाहीर कराल, तो छाटलेल्या झाडांचा की तोडलेल्या, एवढे कळवण्याची कृपा करावी.

आपले,
या झाडांखालून रोज जाणारे नागरिक