विश्लेषण : युरोपात मालगाडीचे डबे आजही हाताने का जोडावे लागतात?

अतिवेगवान रेल्वेसाठी ओळखल्या जाणाऱ्या युरोपात मालगाडीचे दोन डबे जोडण्यासाठी आजही कर्मचाऱ्याला रुळांवर उतरून त्यांच्या मध्ये शिरावे लागते. दीडशे वर्षांहून जुन्या या पद्धतीला स्वयंचलित डिजिटल कपलिंगचा पर्याय तयार आहे. अडचण आहे ती खर्चाची आणि एकमताची.

सध्याची पद्धत काय?
डब्याच्या टोकाला मधोमध हूक आणि दोन्ही बाजूंना बफर असतात. कर्मचारी बफरखालून वाकून आत जातो, सुमारे २० किलोंचे स्क्रू कपलिंग उचलून समोरच्या हुकात अडकवतो आणि स्क्रू फिरवून आवळतो. ब्रेकच्या हवेची नळी वेगळी जोडावी लागते. पाऊस असो वा बर्फ, हे काम टळत नाही आणि डबा अचानक हलला तर जिवावर बेतते. शिवाय कपलिंग माणसाला उचलता आले पाहिजे, म्हणून ते फार जड व मजबूत करता येत नाही. साहजिकच गाडीच्या वजनावरही मर्यादा येते.

इतरांनी काय केले?
अमेरिकेने १८९३ मध्ये कायदा करून स्वयंचलित कपलिंग सक्तीचे केले. जपानने जुलै १९२५ मध्ये बहुतेक डब्यांचे कपलिंग अवघ्या काही दिवसांत बदलले. त्यासाठी नवे भाग आधीच डब्यांखाली टांगून ठेवले होते. सोव्हिएत संघातील बदल १९५०च्या दशकात पूर्ण झाला. भारतातही मालगाड्या आणि एलएचबी डब्यांना सेंटर बफर कपलर असतो; जुन्या आयसीएफ डब्यांना मात्र स्क्रू कपलिंग आहे.

युरोप मागे का राहिला?
१९६०-७०च्या दशकांत पूर्व व पश्चिम युरोपने मिळून समान कपलिंगचा आराखडा केला. पण खर्च मोठा होता आणि सर्व देशांची एकाच वेळी तयारी नव्हती. योजना बारगळली. स्वीडनमधील किरुना ते नॉर्वेतील नार्विक या लोहखनिज मार्गासारखे अपवाद आहेत, कारण तेथील डबे इतरत्र जात नाहीत. मेट्रो आणि वेगवान गाड्यांत जर्मन अभियंता कार्ल शार्फेनबर्ग यांच्या रचनेचे स्वयंचलित कपलिंग वापरले जाते, तेही याच कारणाने.

डिजिटल कपलिंगने काय साधेल?
डबे एकमेकांना टेकताच जोडले जातील. सोबत ब्रेकची हवा, वीज आणि माहितीची वाहिनीही जोडली जाईल. सध्या ब्रेक तपासण्यासाठी कर्मचाऱ्याला पूर्ण गाडीलगत चालत जावे लागते. ती तपासणी इंजिनमधूनच होऊ शकेल. चाचण्यांनंतर २०२१ मध्ये शार्फेनबर्ग रचनेची निवड झाली.

घोडे कुठे अडले?
युरोपात मालडबे सुमारे पाच लाख आहेत. जुने आणि नवे कपलिंग थेट जुळत नाही, त्यामुळे थोडेथोडे डबे बदलून भागत नाही. खर्चाचा बोजा प्रामुख्याने डबेमालकांवर, तर वेळेची बचत गाडी चालवणाऱ्या कंपनीची. इटलीतील डबा स्वीडनला जात असेल, तर वाटेतील सर्वच देशांची तयारी हवी. युरोपीय संघातील भूमार्गे मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. ट्रककडे गेलेला माल परत आणायचा, तर यार्डात जाणारे तास वाचवावे लागतील. त्यासाठीचा पैसा कोण देणार, हे ठरेपर्यंत कर्मचाऱ्याला बफरखालून वाकावेच लागेल.